पंचविसांचा नियम आणि पोर्शे ९१७

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्याच्या कर्त्यांची चरित्रे सांगावयाची, अशी एक रूढी पडून गेली आहे. मोटारशर्यतींविषयीच्या वाङ्मयात ती फारच बळावलेली दिसते. अभियंता प्रतिभावान, चालक शूर आणि यंत्र अजिंक्य, या तीन विधानांत पुष्कळदा सगळा इतिहास आटोपतो. पश्चिम जर्मनीतील पोर्शे या कारखान्याने १९६९ साली रस्त्यावर आणलेल्या ९१७ या मोटारीसंबंधी अशा पद्धतीने विपुल लिहिले गेले आहे. परंतु या मोटारीची जन्मकथा नीट तपासली, तर तिच्या कर्त्यांच्या नामावळीत एक अनपेक्षित नाव घालावे लागते. ते नाव कोणा व्यक्तीचे नसून एका नियमाचे आहे. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतील वेग कमी व्हावा या हेतूने जो नियम करण्यात आला, त्याच नियमाच्या पोटी त्या काळातील सर्वांत वेगवान मोटार जन्मास आली. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी दिली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१९६७ च्या जून महिन्यात फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत अमेरिकन फोर्ड कंपनीच्या सात लिटर एंजिनाच्या मोटारीने जिंकली. डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट या चालकांनी चोवीस तासांत ५,२३२ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले. मुल्सानच्या सरळ रस्त्यावरील वेग ताशी ३०० किलोमीटरांच्या पुष्कळ पुढे गेले होते. १९५५ साली याच ठिकाणी एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती, ती आठवण अद्याप पुसली गेली नव्हती. शर्यतीनंतर आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या क्रीडा आयोगाने नवे नियम जाहीर केले. १९६८ पासून ‘नमुना-मोटार’ म्हणजे प्रोटोटाइप या वर्गातील एंजिनाचे आकारमान तीन लिटरांपलीकडे जाता कामा नये, असे ठरले. या वर्गात किती मोटारी बांधल्या पाहिजेत यावर काही बंधन नव्हते. एकुलती एक मोटारही चालत असे. तिच्या जोडीला ‘क्रीडा-मोटार’ असा दुसरा वर्ग होता. त्यात पाच लिटरांपर्यंतच्या एंजिनास मुभा देण्यात आली, मात्र अशा निदान पन्नास मोटारी बांधलेल्या असल्या पाहिजेत, अशी अट होती.

या दुसऱ्या वर्गाची तरतूद का केली गेली, हे समजून घेणे अगत्याचे आहे. फोर्ड जीटी ४० आणि लोला टी ७० यांसारख्या मोटारी तोवर बऱ्याच संख्येने तयार होऊन खाजगी मालकांच्या हाती गेल्या होत्या. त्या एकदम बाद केल्या असत्या तर शर्यतींना पुरेशा मोटारीच उरल्या नसत्या. जुन्या मोटारींना आणखी काही वर्षे आश्रय द्यावा, एवढाच त्या तरतुदीचा मर्यादित हेतू होता. १९६८ च्या वसंत ऋतूत आयोगाने पन्नासांची अट पंचविसांवर आणली, तीही या आश्रयाची कक्षा थोडी रुंदावी म्हणूनच. निव्वळ शर्यतीसाठी पाच लिटरांची नवी मोटार कोणी पंचवीस नगांनी बांधील, ही गोष्ट आयोगाच्या सभासदांच्या ध्यानीमनी नसावी. नियम करणारा आपल्यापुढील परिस्थितीचा विचार करतो आणि नियम वाचणारा त्यातील शब्दांचा. या दोहोंतील अंतर फर्डिनांड पीएख या एकतीस वर्षांच्या अभियंत्याने नेमके हेरले.

पीएख हा कारखान्याच्या संस्थापकाचा दौहित्र होता आणि शर्यतीच्या मोटारींचा विकास त्याच्या हाती होता. पोर्शेची तोवरची कीर्ती लहान एंजिनांची होती. दीड-दोन लिटरांच्या हलक्या मोटारी घेऊन मोठ्यांना दमविणे, हे या घराण्याचे ब्रीद होते. ल मां येथे १९५१ पासून पोर्शेला आपापल्या वर्गातील विजय वारंवार मिळाले होते, पण शर्यतीचा सर्वसाधारण विजय कधी पदरी पडला नव्हता. तीन लिटरांची ९०८ ही मोटार १९६८ साली तयार झाली होती व ती चांगलीही होती. तथापि पाच लिटरांची वाट मोकळी असताना तीन लिटरांवर समाधान मानणे पीएखच्या स्वभावात बसत नव्हते. १९६८ च्या उन्हाळ्यात काम सुरू झाले. पंचवीस मोटारींचा खर्च एवढा प्रचंड होता की योजना फसती तर कारखान्याची आर्थिक घडी विसकटली असती. शर्यतींच्या कामी फोल्क्सवागन कंपनीचे साह्य मिळत होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तिच्यावाचून हे साहस बहुधा कागदावरच राहिले असते.

वेळ अत्यंत थोडा होता. त्यामुळे एंजिनाची आखणी करताना हान्स मेत्सगर याने सर्वच गोष्टी नव्याने केल्या नाहीत. ९०८ मधील सिलिंडरांचा ८५ मिलिमीटर व्यास आणि दट्ट्यांचा ६६ मिलिमीटर धाव-पल्ला त्याने तसाच ठेवला व आठांऐवजी बारा सिलिंडर घेतले. त्यामुळे एंजिनाचे आकारमान ४,४९४ घन सेंटिमीटर भरले. पाच लिटरांची मुभा असताना साडेचार लिटरांवर का थांबले, याचे उत्तर या काटकसरीत आहे. सहा सिलिंडर एका बाजूस व सहा दुसऱ्या बाजूस असे आडवे पसरलेले हे एंजिन पाण्याने नव्हे तर हवेने थंड होत असे. त्याच्या माथ्यावर एक मोठा पंखा आडवा बसविलेला होता.

या एंजिनातील खरी बुद्धिमत्ता भुजादंडाच्या रचनेत आहे. बारा सिलिंडरांचा भुजादंड लांब होतो, आणि लांब दंड जोराने फिरताना पिळवटून कंप पावू लागतो. अशा कंपनात दंडाची दोन टोके सर्वाधिक थरथरतात. मधला बिंदू जवळजवळ स्थिर राहतो. मेत्सगरने शक्ती दंडाच्या टोकाकडून न घेता या मधल्या बिंदूपाशी दातेरी चाक बसवून घेतली व दुसऱ्या समांतर दंडावाटे ती मागे नेली. म्हणजे एका लांब एंजिनाऐवजी दोन आखूड एंजिने पाठीला पाठ लावून बसविल्यासारखे झाले. प्रारंभी या एंजिनाची शक्ती ५२० अश्वशक्तीच्या पलीकडे होती आणि लवकरच ती ५८० पर्यंत गेली.

एवढ्या शक्तीचे एंजिन ज्या सांगाड्यात बसविले तो ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा असून त्याचे वजन पन्नास किलोग्रॅमही नव्हते. नळ्यांत दाबाखाली वायू भरून ठेवलेला असे. दाब उतरला की कोठे तरी जोड तडकला आहे असे समजावयाचे. या साध्या युक्तीवरून सांगाडा किती बेताचा होता, याचीही कल्पना येते. लांब एंजिनामुळे चालकाची बैठक एवढी पुढे गेली होती की त्याची पावले पुढल्या चाकांच्या आसाच्याही पुढे येत. समोरून धडक बसल्यास पहिला आघात कशावर होणार, हे सांगण्याची आवश्यकता नाही. वजन वाचविण्याच्या हव्यासाची परिसीमा म्हणून गिअरच्या दांड्याची मूठ बाल्सा या अतिहलक्या लाकडाची केली होती, ही गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते. पावलांची गोष्ट मात्र तितक्या वेळा सांगितली जात नाही.

१९६९ च्या मार्चमध्ये जिनिव्हा येथील मोटार-प्रदर्शनात ही मोटार प्रथम जगापुढे आली. तिची किंमत १,४०,००० जर्मन मार्क ठेवण्यात आली होती. त्याच महिन्यात आयोगाचे निरीक्षक स्टुटगार्टनजीकच्या त्सुफेनहाउझेन येथील कारखान्यात आले असता त्यांना थोड्याच मोटारी पूर्ण झालेल्या दिसल्या. बाकीच्या जोडणीत होत्या किंवा सुट्या भागांच्या रूपाने पडून होत्या. एकदा जोडलेल्या मोटारी शर्यतीपूर्वी पुन्हा खोलाव्याच लागतात, तेव्हा आता जोडून काय उपयोग, असा युक्तिवाद कारखान्याने केला. निरीक्षकांनी तो मानला नाही. मग हाताशी मिळेल त्या माणसाला कामास लावून उरलेल्या मोटारी उभ्या करण्यात आल्या. कचेरीतील कारकून आणि उमेदवारसुद्धा त्यात होते असे सांगतात. २१ एप्रिल रोजी पंचवीस मोटारी कारखान्यापुढे एका ओळीत मांडल्या गेल्या. त्या प्रसंगाचे छायाचित्र मोटारींच्या इतिहासात अतिशय प्रसिद्ध आहे. पीएखने निरीक्षकांना हवी ती मोटार निवडून चालवून पाहण्यास सुचविले. त्यांनी नम्रपणे नकार दिला. १ मेपासून मोटारीला अधिकृत मान्यता मिळाली.

या नकाराकडे इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावयास हवे. ओळीतील पुष्कळशा मोटारी शर्यतीच्या वेगाने धावण्याच्या स्थितीत नव्हत्या, त्यामुळे कोणी खरोखरच आव्हान स्वीकारले असते तर काय झाले असते, अशी चर्चा गमतीने केली जाते. पण प्रश्न गमतीचा नाही. आयोगाने मोटारी मोजल्या, पारखल्या नाहीत; आणि नियमानुसार त्याला मोजावयाच्याच होत्या. संख्या ही ‘उत्पादना’ची खूण मानली गेली होती. जी वस्तू पंचवीस नगांनी तयार होते ती विक्रीची, म्हणून रुळलेली व विश्वासार्ह असणार, असे त्यामागील गृहीत होते. प्रत्यक्षात पोर्शेने पंचवीस नमुना-मोटारी बांधून त्यांना क्रीडा-मोटारी हे नाव दिले. नियमाचे अक्षर काटेकोर पाळले गेले आणि त्याचा आशय पार उलटा झाला. यात कारखान्याने लबाडी केली असे म्हणता येणार नाही; परंतु अपुऱ्या चाचणीची मोटार एका वेळी पंचवीस नगांनी जगात आली, आणि त्यांपैकी काही विकणे क्रमप्राप्त होते, ही गोष्ट नियमानेच घडविली.

मोटार चालविणाऱ्यांना दोष पहिल्या दिवसापासून जाणवला. अतिवेगात ती सरळ जात नसे. सरळ रस्त्यावरही तिचा मागील भाग इकडून तिकडे झुलू लागे आणि चालकाला रस्त्याची सगळी रुंदी वापरावी लागे. मे १९६९ मध्ये बेल्जममधील स्पा येथे ती प्रथम शर्यतीत उतरली. जो सिफेर आणि ब्रायन रेडमन या कारखान्याच्या आघाडीच्या जोडीने तिच्याऐवजी ९०८ पसंत केली व शर्यत जिंकली. ९१७ मात्र एकाच फेरीनंतर बाद झाली. पुढे न्यूरबर्गरिंग येथे कारखान्याचे नेहमीचे चालक तिच्यात बसण्यास राजी होईनात, तेव्हा डेव्हिड पायपर आणि फ्रँक गार्डनर यांना पाचारण करावे लागले. त्यांनी ती आठव्या क्रमांकावर आणून सोडली, हेच पुष्कळ झाले. ज्यांना निवड करता येत होती त्यांनी या मोटारीला नकार दिला, हा समकालीन पुरावा कोणत्याही तांत्रिक अहवालाइतकाच बोलका आहे.

याच सुमारास आणखी एक नियम आडवा आला. ९१७ च्या शेपटीवर दोन हलत्या झडपा होत्या. मागील चाकांच्या स्प्रिंगांशी त्या जोडलेल्या असून चाक वर-खाली झाले की त्यांचा कोन बदले व मोटार थोडीबहुत स्थिर राही. मे महिन्यात स्पॅनिश ग्राँ प्री शर्यतीत उंच पंख मोडून अपघात झाल्यामुळे आयोगाने हलत्या वायुसाधनांवर बंदी घातली. ही बंदी ९१७ ला लागू केल्यास ती चालविणे केवळ अशक्य होईल, असे पोर्शेचे म्हणणे पडले, आणि पुष्कळ वाटाघाटींनंतर ल मां येथे तिच्या झडपा राहू देण्यात आल्या. मोटारीच्या धोकादायकतेची याहून स्पष्ट कबुली सापडणे कठीण.

१४ जून १९६९ रोजी ल मां येथे शर्यत सुरू झाली. रोल्फ श्टोमेलेनच्या ९१७ ने सर्वांत जलद सराव-फेरी नोंदवून पहिले स्थान मिळविले होते. याखेरीज एक ९१७ जॉन वुल्फ या इंग्रज हौशी चालकाने विकत घेतली होती. ती कारखान्याने बांधलेल्या पंचविसांपैकीच होती. सरावानंतर त्याच्या जोडीदाराने मोटारीत बसण्यास नकार दिला. तेव्हा कारखान्याने हर्बर्ट लिंगे हा आपला अनुभवी माणूस त्याला दिला. शर्यतीचा आरंभ लिंगेने करावा असा सल्ला वुल्फला मिळाला होता. परंतु प्रथम आपणच बसावयाचे असा त्याचा आग्रह होता.

त्या वेळी ल मां येथील आरंभाची रीत अशी होती की, चालकांनी रस्त्याच्या एका कडेस उभे राहावयाचे, निशाण पडताच धावत पलीकडे जाऊन मोटारीत शिरावयाचे आणि निघावयाचे. कमरपट्टा बांधण्यात जाणारे क्षण कोणालाही परवडत नसत. पहिल्याच फेरीत मेझों ब्लांश या ठिकाणी वुल्फच्या मोटारीवरील ताबा सुटला. मोटार मोडली, तिने पेट घेतला आणि वुल्फ मरण पावला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता असे मानले जाते. त्याच दिवशी जॅकी इक्स हा बेल्जियन चालक या रीतीचा निषेध म्हणून रस्ता धावत न ओलांडता सावकाश चालत गेला, पट्टा नीट बांधून सर्वांच्या शेवटी निघाला, आणि चोवीस तासांनंतर त्यानेच शर्यत जिंकली. धावत जाऊन मोटारीत बसण्याची प्रथा त्या वर्षानंतर बंद झाली.

वुल्फचा अंत ही घटना पोर्शेच्या विजयकथेत एखाद्या तळटीपेइतकीच जागा व्यापते. त्याचा दोष त्याच्या अननुभवावर टाकणे सोपे आहे, आणि समकालीनांनी तसे केलेही. परंतु ज्या मोटारीला कारखान्याचे निष्णात चालक नाकारीत होते, ती एका हौशी गृहस्थाच्या हाती कशी आली, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तीन लिटरांच्या वर्गात एक-दोन नमुने बांधून ते आपल्याच चालकांकडून दुरुस्त करीत बसण्याची सोय कारखान्याला होती. पंचवीस बांधल्यानंतर ती सोय उरली नाही. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमाची ही सर्वांत दुःखद फलश्रुती म्हटली पाहिजे.

शर्यतीचा उरलेला भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. व्हिक एल्फर्ड आणि रिचर्ड ॲटवुड यांची ९१७ वीस तासांहून अधिक काळ टिकून मोठ्या अंतराने आघाडीवर होती. मग क्लचजवळचे आवरण तडकून ती थांबली. त्यानंतर इक्स-ऑलिव्हरची जुनी फोर्ड जीटी ४० आणि हान्स हेरमान-जेरार लारूस यांची पोर्शे ९०८ यांच्यात अखेरपर्यंत झुंज चालली व फोर्ड सुमारे सव्वाशे मीटरांनी पुढे राहिली. त्या वर्षी निर्मात्यांचे अजिंक्यपद पोर्शेला मिळाले खरे, पण ते मुख्यतः ९०८ च्या बळावर. ९१७ ने ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियातील त्सेल्टवेग येथे सिफेर व कुर्ट आरेन्स यांच्या हातून पहिला विजय मिळविला; तोवर हंगाम संपत आला होता.

दोष नेमका कोठे होता, हे कारखान्याला का कळत नव्हते? सांगाडा, स्प्रिंगा, टायर यांवर संशय घेऊन झाला होता. वाऱ्याच्या बोगद्यातील आकडे तर उत्तम होते, आणि नेमकी हीच अडचण होती. पोर्शेच्या अभियंत्यांची सारी परंपरा अल्पशक्तीच्या मोटारींची. थोड्या अश्वशक्तीत अधिक वेग हवा तर वायुरोध कमी करावयाचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. म्हणून ९१७ ची शेपटी लांब, निमुळती आणि हवेला जराही न अडविणारी केली होती. पण शेकडो अश्वशक्ती जवळ असलेल्या मोटारीला वायुरोधाची भीती कमी आणि जमिनीवर दाबून धरणाऱ्या बलाची गरज अधिक असते. सरावलेला गुण नव्या परिस्थितीत अवगुण ठरतो, याची उदाहरणे राज्यांच्या व सैन्यांच्या इतिहासात पुष्कळ सापडतात. यंत्रांच्या इतिहासात त्यांचा शोध क्वचितच घेतला गेला आहे.

उलगडा बाहेरच्या माणसांकडून झाला. १९७० च्या हंगामासाठी पोर्शेने आपल्या मोटारी जॉन वायर या इंग्रजाच्या संघाकडे सोपविल्या होत्या. गल्फ तेल कंपनीच्या आश्रयाने चालणाऱ्या याच संघाने फोर्ड जीटी ४० घेऊन १९६८ व १९६९ या दोन्ही वर्षी ल मां जिंकली होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्सेल्टवेगच्या मार्गावर दोन्ही पक्षांची संयुक्त चाचणी झाली. तेथे पोर्शेने अमेरिकेतील शर्यतींसाठी केलेली उघड्या छताची ९१७ ही आणली होती. एंजिन तेच, सांगाडा जवळजवळ तोच. पण तिची शेपटी आखूड व उंच होती, आणि ती चालविण्यास कितीतरी सुखावह वाटत होती.

वायरचा अभियंता जॉन हॉर्समन याने बंद मोटारीच्या कवचाचे बारकाईने निरीक्षण केले. हंगाम चिलटांचा होता. मोटारीच्या नाकावर, काचेवर, पुढल्या भागावर चिलटे चिरडून चिकटली होती. शेपटी आणि तिच्यावरील झडपा मात्र स्वच्छ होत्या. याचा अर्थ एवढाच की, हवेचा प्रवाह छताच्या मागे कवचापासून सुटून वरच्या वर निघून जात होता. शेपटीला व झडपांना त्याचा स्पर्शच होत नव्हता. ज्या झडपांसाठी चार महिन्यांपूर्वी आयोगाशी एवढा वाद घातला, त्या बहुतांशी निरुपयोगी होत्या. यांत्रिकांनी तेथल्या तेथे ॲल्युमिनियमचे पत्रे कापून, ठोकून, चिकटपट्ट्या लावून आखूड आणि वर चढत जाणारी शेपटी तयार केली. रेडमन व आरेन्स यांनी मोटार चालवून पाहिली, आणि जी मोटार थोडक्या फेऱ्यांत चालकाला घाम फोडीत असे, ती वेगाने आणि निर्धास्तपणे फेऱ्यांमागून फेऱ्या करू लागली. या ओबडधोबड पत्र्यांतूनच ‘९१७ के’ हे प्रसिद्ध रूप निघाले. त्यातील ‘के’ हे अक्षर ‘आखूड’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे होय.

चिलटांच्या या कथेत दंतकथेचा रंग चढला असण्याची शक्यता गृहीत धरली, तरी तिचा गाभा ग्राह्य मानण्यास प्रत्यवाय नाही. उघड्या मोटारीशी केलेली तुलना हा तिला मिळालेला स्वतंत्र आधार आहे, आणि चाचणीनंतर मोटारीचा आकार बदलला हे तर सर्वांसमोर आहे. वुल्फच्या मृत्यूनंतर चार महिन्यांनी, काही तासांत आणि चार पत्र्यांत दोष दूर झाला, हे वाचताना मन विषण्ण झाल्यावाचून राहत नाही.

१९७० आणि १९७१ या वर्षांची विजययादी येथे देण्याचे प्रयोजन नाही. १९७० च्या अजिंक्यपदाच्या दहा शर्यतींपैकी नऊ पोर्शेने जिंकल्या. त्यांतील सात ९१७ ने व दोन, वळणावळणांच्या मार्गावर, हलक्या ९०८ ने. ब्रँड्स हॅच येथील पावसात पेद्रो रॉद्रिगेझ याने जे कौशल्य दाखविले, त्याची वर्णने आजही रंगून केली जातात. प्रतिस्पर्धी म्हणून फेरारीने ५१२ ही पाच लिटरांची मोटार, पोर्शेचाच कित्ता गिरवून, पंचवीस नगांनी बांधली. म्हणजे कोणी करणार नाही असे आयोगाने गृहीत धरलेले कृत्य आता दोन कारखान्यांनी केले होते.

ल मां येथील विजय मात्र वायरच्या वाट्याला आला नाही. पोर्शेने त्याला कारखान्याचा संघ म्हणविले, आणि त्याच वेळी पीएखची आई लुईझ पीएख हिच्या साल्झबर्ग येथील कंपनीलाही मोटारी दिल्या. वायरला ते रुचले नाही, यात नवल नाही. १४ जून १९७० रोजी, पावसाने झोडपलेल्या मार्गावर, साल्झबर्गच्या तांबड्या-पांढऱ्या ९१७ मध्ये बसून हेरमान आणि ॲटवुड यांनी ३४३ फेऱ्या पूर्ण केल्या व पोर्शेला ल मांचा पहिला सर्वसाधारण विजय मिळवून दिला. ही मोटार आरंभी पंधराव्या स्थानावर होती आणि तिच्यात नव्या ४.९ लिटरांऐवजी जुनेच साडेचार लिटरांचे एंजिन होते. ५१ मोटारींपैकी अवघ्या सात अधिकृत निकालात आल्या. आदल्या वर्षी सव्वाशे मीटरांनी हरलेल्या हेरमानने या विजयानंतर शर्यतींचा कायमचा निरोप घेतला. त्याच उन्हाळ्यात स्टीव्ह मॅक्क्वीनच्या ‘ल मां’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात ९१७ ला झालेल्या अपघातात डेव्हिड पायपरला पायाचा काही भाग गमवावा लागला. मोटार कह्यात आली होती, निरुपद्रवी झाली नव्हती.

१९७१ साली हेल्मुट मार्को आणि गाइस व्हान लेनेप यांनी मॅग्नेशियमच्या सांगाड्याची ९१७ चालवून ल मां येथे ३९७ फेऱ्या, म्हणजे ५,३३५.३१३ किलोमीटर अंतर तोडले. सरासरी वेग ताशी २२२ किलोमीटरांहून अधिक पडला. लांब शेपटीच्या मोटारींनी, आता सुधारलेल्या आकारामुळे न डगमगता, मुल्सानच्या रस्त्यावर ताशी ३८० किलोमीटरांचा वेग ओलांडला. हा अंतराचा उच्चांक २०१० पर्यंत अबाधित राहिला. त्या वर्षी ऑडी कंपनीच्या मोटारीने ५,४१०.७१३ किलोमीटर अंतर कापले, आणि तिच्याही फेऱ्या ३९७ च होत्या. फरक मार्गाच्या लांबीचा होता. एकोणचाळीस वर्षांचा उच्चांक म्हणून ९१७ चा जो गौरव होतो, तो करताना मधल्या काळात ल मांचा मार्ग अनेकदा बदलला आणि १९९० साली मुल्सानच्या सरळ रस्त्यात मुद्दाम वळणे घातली गेली, हे ध्यानात ठेवावयास हवे. निरनिराळ्या मार्गांवरील अंतरांची तुलना ही इतिहासापेक्षा जाहिरातीला अधिक उपयोगी पडते. १९६७ च्या फोर्डशी केलेली तुलना त्या मानाने अधिक बोधक आहे. सात लिटरांच्या ज्या मोटारीला भिऊन नियम केले गेले, तिच्यापेक्षा पाच लिटरांची मोटार चोवीस तासांत शंभर किलोमीटर पुढे गेली.

आयोगाने पाच लिटरांच्या वर्गाची मुदत १९७१ अखेर संपविली. वायरच्या संघाचे दोन्ही मोठे चालक तोवर राहिले नव्हते. रॉद्रिगेझ जुलैमध्ये नोरिसरिंग येथे फेरारीत आणि सिफेर ऑक्टोबरमध्ये ब्रँड्स हॅच येथे बीआरएममध्ये मरण पावला. दोघांचाही अंत ९१७ मध्ये झाला नाही, ही नोंद केवळ अचूकतेसाठी करावयाची.

युरोपात दार बंद झाल्यावर पोर्शेने अमेरिकेची वाट धरली. तेथील कॅन-ॲम मालिकेत एंजिनाच्या आकारमानावर मर्यादाच नव्हती. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोराने चक्र फिरवून आत अधिक हवा कोंबण्याची युक्ती या उघड्या ९१७ ला लावण्यात आली. रॉजर पेन्स्केच्या संघातर्फे १९७२ साली जॉर्ज फॉलमर व १९७३ साली मार्क डोनोह्यू यांनी ती मालिका जिंकली. ९१७/३० या अखेरच्या रूपात ५.४ लिटरांचे एंजिन अकराशे अश्वशक्तीपर्यंत पोहोचले होते. १९७४ साठी, तेलटंचाईच्या छायेत, इंधनाच्या वापरावर मर्यादा आली आणि ही मोटार तेथेही निरुपयोगी ठरली. मालिकाही त्या वर्षानंतर टिकली नाही. कोंबलेल्या हवेचे हे ज्ञान मात्र कारखान्यातच राहिले. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलेल्या ९११ टर्बो या विक्रीच्या मोटारीत ते उतरलेले दिसते.

शर्यतीबाहेरच्या दोन घटना १९७५ सालच्या आहेत. ऑगस्टमध्ये डोनोह्यूने टॅलाडेगा येथील बंदिस्त मार्गावर ९१७/३० ताशी सुमारे ३५६ किलोमीटरांच्या सरासरीने चालवून एका फेरीचा जागतिक उच्चांक केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो त्सेल्टवेग येथे दुसऱ्याच मोटारीच्या अपघातात जखमी होऊन मरण पावला. दुसरी घटना मार्टिनी या मद्यव्यवसायातील काउंट रॉसी यांची. संघाच्या जुन्या मोटारींपैकी एक ९१७ आपल्याला साध्या रस्त्यावर चालविण्याजोगी करून द्यावी, अशी त्यांनी पोर्शेकडे मागणी केली. कारखान्याने आवाज दाबण्याची व्यवस्था केली, दिवे बसविले, बैठकीला कातडे लावले. युरोपात तिची नोंदणी होणे दुर्घट असल्यामुळे ती अमेरिकेतील अलाबामा राज्यात करण्यात आली, आणि त्या क्रमांकाची पाटी लावून काउंट रॉसी त्सुफेनहाउझेनहून पॅरिसपर्यंत ती स्वतः चालवीत गेले.